वाढदिवसाची सभा

"दोन म्हणजे अगदी दोनच?" पिठाने माखलेले हात तसेच अधांतरी धरून मेनाने विचारलं.

डेलिथने अंगातला कोट काढला नव्हता. म्हणजे ती बसायला आली नव्हती, सांगून जायला आली होती. "शनिवारी दोन वाजता, माझ्याकडे. एम्रिस मुद्दाम लंडनहून येतोय. डॅडना पंच्याऐंशी पूर्ण होतायत, मेना. मोठा केक सांगितलाय."

"शनिवारी दोनला खाणकामगारांच्या इन्स्टिट्यूटमध्ये सभा आहे."

"हो का?"

"हो का काय? गावातल्या एकूण एक खांबावर कागद चिकटवलाय. तुझ्या दारासमोरच्या खांबावर तर मी स्वतः चिकटवलाय."

"तो वाऱ्याने गेला."

"वाऱ्याने गेला की नखांनी?"

डेलिथ हसली नाही. "हे बघ, तुझी सभा तीन आठवड्यांपूर्वी ठरली. डॅडचा वाढदिवस पंच्याऐंशी वर्षांपूर्वी ठरलाय."

शेगडीशेजारच्या खुर्चीत इड्वल प्रॉसर डोळे मिटून बसले होते. दोघी बहिणींनी सवयीने आवाज खाली आणला. म्हाताऱ्याची झोप अर्धीच असते हे दोघींना लहानपणापासून ठाऊक होतं, पण अर्ध्या झोपेचाही मान ठेवायची घरात रीत होती.

सभा कशासाठी होती हे डेलिथला सांगायची गरज नव्हती. अपंगांचा भत्ता कापायचं विधेयक येत्या मंगळवारी पार्लमेंटमध्ये मताला यायचं होतं. नवा नियम असा की अंघोळ, कपडे, स्वयंपाक, चालणं अशा दहा कामांपैकी एखाद्या कामात माणूस पुरता अगतिक असेल तरच भत्ता. दहाही कामं अर्धी अर्धी अडत असतील, तर काही नाही. वेल्समधल्या या क्वमहेलिगच्या खोऱ्यात खाणी बंद होऊन एक पिढी उलटली होती; फुप्फुसं, गुडघे, कणे यांच्यात अर्धं अर्धं अडणारी माणसं दर तिसऱ्या घरात होती. आणि या खोऱ्याचा खासदार होता एम्रिस पॅरी. डेलिथचा एकुलता एक मुलगा. इड्वल प्रॉसरचा नातू. मेनाचा भाचा.

त्याला निवडून आणायला दोन वर्षांपूर्वी सबंध हिवाळा मेना पायी फिरली होती. शाळेच्या स्वयंपाकघरातून ती नुकतीच निवृत्त झाली होती, आणि गावातलं प्रत्येक मूल तिच्या हातचं जेवलेलं असल्यामुळे एकही दार तिच्या तोंडावर बंद झालं नाही. आता त्याच भाच्याला तिने सभेला या म्हणून सहा पत्रं पाठवली होती. सहाही वेळा त्याच्या कचेरीतून एकच उत्तर आलं. पूर्वनियोजित कार्यक्रमांमुळे उपस्थित राहणं शक्य नाही.

"तू त्याला लपवतेयस, डेलिथ," मेना म्हणाली.

"लपवत नाहीये. सांभाळतेय." डेलिथने एकदा वडिलांकडे पाहिलं आणि पुढे वाकली. इतका वेळ दाबून धरलेलं तिला आता धरवेना. "त्याला शिक्षण खातं मिळतंय, मेना. उपमंत्रिपद! मंगळवारचं मतदान सुरळीत पार पडलं की बुधवारी नाव जाहीर. आपल्या घरातलं पोर मंत्री होणार. तुला आनंद नाही होत?"

मेनाचे हात खाली आले. आनंद झाला, तिथेच तर पंचाईत होती. एम्रिसला पहिलं अक्षर तिने याच टेबलावर पिठात बोट फिरवून शिकवलं होतं. तो शाळांचा मंत्री होणार या विचाराने तिच्या छातीत असं काही उसळलं की क्षणभर सभा, पत्रं, विधेयक सगळं विसरायला झालं.

मागचं दार ढकलून हेफिन आत आला. दोघींचा धाकटा भाऊ. चौदा वर्षांपूर्वी चर्चच्या छपरावर दगडी पाट्या बसवताना तो खाली कोसळला, तेव्हापासून कमरेत लोखंड होतं, डावा पाय ओढत होता आणि हातांची पकड कधी असायची तर कधी नाही. काठी भिंतीला टेकवून तो म्हणाला, "तुमचं भांडण माझ्या अंगणापर्यंत ऐकू येत होतं. माझं नाव कधी येणार त्याची वाट बघत होतो."

"येणारच होतं," मेना म्हणाली. "शनिवारी तू फक्त दोन मिनिटं बोल. बाकी मी बघते."

"काय बोलू? मोजे चढवायला मला किती वेळ लागतो ते? फॉर्मवाल्या बाईला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, आता अख्ख्या गावाला सांगू? मी काय सर्कशीतलं अस्वल आहे?"

"हेफिन, तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं."

"म्हणूनच विचारायचं होतंस आधी. खांबावरच्या कागदावर माझं नाव छापलंयस. 'आपला अनुभव सांगतील: हेफिन प्रॉसर.' मला ते पोस्टात उभा असताना कळलं."

डेलिथ खुदकन हसली आणि मेनाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो म्हणत होता ते अक्षरशः खरं होतं.

"शनिवारी मी डॅडच्या वाढदिवसाला जाणार," हेफिन म्हणाला. "केक तरी मिळेल."

डेलिथ जिंकल्यासारखी निघून गेली. खुर्चीतल्या माणसाने डोळे न उघडता विचारलं, "केक कसला आहे म्हणाली?"

---

शनिवारी एकच्या सुमाराला मेना टेकडीवरच्या डेलिथच्या बंगलीत पोचली. वडिलांना शुभेच्छा देऊन पावणेदोनला निघायचं असं तिने ठरवलं होतं. टेबलावर पातळ कापलेल्या हॅमची सँडविचेस, मनुका घातलेला ब्रेड आणि तव्यावरून आत्ताच उतरवलेले गोल वेल्श केक यांची चळत होती. मधोमध पांढऱ्या खोक्यात मोठा केक. हेफिन खिडकीपाशी बसून बाहेर उभ्या केलेल्या आपल्या गाडीकडे बघत होता. मेनाकडे त्याने पाहिलं नाही.

एम्रिस आला तो फोनवर बोलतच. मग फोन खिशात टाकून तो आजोबांपुढे गुडघ्यावर बसला. "बॅम्पी! पंच्याऐंशी! आणि अजून केस माझ्यापेक्षा जास्त!"

खोऱ्यात सगळेच आपापल्या आजोबांना बॅम्पी म्हणायचे, पण एम्रिसच्या तोंडून तो शब्द ऐकला की इड्वल विरघळत. त्यांनी नातवाचा गाल थोपटला. "वाळलायस. लंडनात खायला घालत नाहीत का?"

मेना ओट्याजवळ कप पुसत होती. एम्रिस तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. चौतीस वर्षांचा झाला होता, पण अपराधी वाटलं की अजूनही कानाची पाळी ओढायचा. आत्ता ओढत होता.

"मावशी."

"बोला, खासदारसाहेब."

"असं नको ना."

"मग कसं? माझ्या सहा पत्रांना उत्तर आलं ते मावशीला नाही आलं. 'प्रिय मतदार' असं आलं. साही वेळा."

"ते कचेरीतली मुलं पाठवतात. मला खरंच..." तो थांबला. "मावशी, आत राहूनच काहीतरी बदलता येतं. मी मंत्री झालो तर या खोऱ्यातल्या शाळांसाठी मी जे करीन..."

"करशील. मला माहितेय." आणि तिला खरोखरच माहीत होतं. "पण मंगळवारी काय करणार आहेस?"

उत्तर यायच्या आत दिवाणखान्यातून डेलिथचा आवाज आला. "डॅड! कोट कशाला घालताय?"

इड्वल प्रॉसर दारात उभे होते. टोपी घातली होती, मफलर गुंडाळला होता आणि कोटाची वरची गुंडी लावायची खटपट चालली होती.

"वाढदिवसाला निघालोय," ते म्हणाले.

"वाढदिवस इथे आहे!"

"इथे पाच माणसं आहेत. मला ओळखणारी बाकीची सगळी तिकडे इन्स्टिट्यूटमध्ये जमलीयत. मग वाढदिवस कुठे झाला?" त्यांनी गुंडी लावली. "मेना, सभेला चहा असतो ना?"

"असतो," मेना कशीबशी म्हणाली.

"मग अडचण काय? एम्रिस, केक उचल."

"बॅम्पी, ती राजकीय सभा आहे. माझ्या सल्लागारांनी..."

"माझ्या बापाने कोळशाच्या खाणीत घाम गाळून त्या इमारतीची एक एक वीट बसवली. त्यात मला माझा केक कापायचाय. तुझ्या सल्लागारांना विचार, हरकत आहे का. हेफिन, गाडी काढ."

हेफिनने बापाकडे बघितलं, आणि आठवड्यात पहिल्यांदा त्याच्या ओठांचा कोपरा हलला. "बसा पुढे," तो म्हणाला.

डेलिथ वडिलांच्या आड आली. "डॅड, हे मेनाने शिकवलंय तुम्हाला."

"मला काही शिकवायचं मेनाचं वय नाही अजून. बाजूला हो, पोरी."

आणि मग ती वरात निघाली. पुढे हेफिनची हाताने ब्रेक लावायची गाडी माणसाच्या चालीने उतारावरून चाललेली, तिच्यात टोपी सरळ करत बसलेले इड्वल. मागे दोन्ही हातांत केकचं खोकं धरलेला खासदार. त्याच्या खिशातला फोन वाजत होता, थांबत होता, परत वाजत होता, आणि तो घ्यायला हात मोकळा नव्हता. त्याच्यामागे सँडविचचं ताट घेतलेली डेलिथ, तोंड घट्ट मिटून. मेनाला धावत पुढे जाऊन सभेत वर्दी द्यावीशी वाटत होती आणि हे दृश्यही सोडवत नव्हतं. रांगेतल्या घरांची दारं उघडू लागली. कोणी विचारलं, "कुठे निघालात?" गाडीच्या खिडकीतून इड्वल ओरडले, "माझा वाढदिवस आहे! चला!" चप्पल घालून माणसं बाहेर पडली. पुलापाशी पोचेपर्यंत पस्तीस-चाळीस जण मागे होते.

---

इन्स्टिट्यूटचं सभागृह गच्च भरलं होतं. चाकांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत, त्यांच्या मागे काठ्या, त्यांच्या मागे उभी माणसं. केक घेतलेला एम्रिस दारात दिसला तशी एकदम शांतता पसरली. मग शेजारून इड्वल पुढे झाले आणि मागच्या कोपऱ्यातून एका जाड्या आवाजाने वाढदिवसाचं गाणं सुरू केलं. क्वमहेलिगमध्ये कोणतंही गाणं एका आवाजात संपत नाही. दुसऱ्या ओळीला खर्ज मिळाला, तिसऱ्या ओळीला बायकांनी वरची पट्टी घेतली, आणि शेवटी छताच्या तुळया थरथरल्या. इड्वलनी डोळे पुसले. एम्रिसही गात होता. मेनाने पाहिलं, त्याचा चेहरा उजळला होता. त्याला वाटलं असणार, निभावलं.

"गाणं झालं," पहिल्या रांगेतून टिडफिल प्राइस म्हणाली. "आता बसा, एम्रिस. तुमची वाट बघतोय आम्ही, सहा पत्रं झाली."

हशा पिकला. एम्रिस व्यासपीठावर चढला, केक टेबलावर ठेवला आणि बोलू लागला. बोलायला तो चांगला होता. देशापुढच्या अडचणी, तिजोरीवरचा भार, खऱ्या गरजूंना संरक्षण. "आणि माणसाला घरी बसवून ठेवणं ही दया नाही," तो म्हणाला. "त्याला कामावर परत आणणं, त्याची प्रतिष्ठा त्याला परत देणं, हे आपलं ध्येय आहे."

थोड्या टाळ्या पडल्या. डेलिथने जोरात वाजवल्या.

अध्यक्षाच्या खुर्चीत मेना होती. तिने प्रश्न लिहून आणले होते, क्रमाने. पण ती उभी राहायच्या आत टिडफिल उठली. बासष्टची, लहानखुरी बाई. शेजारी चाकांच्या खुर्चीत तिची तिशीची मुलगी मान एका बाजूला कलती ठेवून बसली होती.

"माझा प्रश्न खासदाराला नाही," टिडफिल म्हणाली. "मेना, तुला आहे. दोन वर्षांपूर्वी भर पावसात माझ्या दारात कोण उभं होतं? मी म्हटलं होतं तुला, हे सगळे सारखेच, भत्त्यालाच हात घालतील. तू काय म्हणालीस?"

सभागृहातली सगळी डोकी मेनाकडे वळली. हातातला कागद तिला एकाएकी निरुपयोगी वाटला. सभा बोलावली तिने, खांबांवर कागद लावले तिने, आणि पहिलं बोट तिच्याकडेच आलं होतं.

"मी म्हणाले," तिने कागद खाली ठेवला, "माझ्या बहिणीचा मुलगा आहे. भत्त्याला हात लावणार नाही. लावला, तर माझ्या दारात या."

"म्हणून मत दिलं मी. त्याला नाही, तुला."

"माहितेय." मेना सभागृहाकडे वळली. "अकराशे दारांत मी तेच बोलले. त्याला न विचारता बोलले, कारण मला वाटलं विचारायची गरजच नाही. तो माझा शब्द होता. खोटा ठरला, तर आधी मी खोटी ठरले. टिडफिल, मी तुझी माफी मागते. तुम्हा सगळ्यांची मागते." मग तिचं लक्ष मागच्या दाराशी काठीवर रेलून उभ्या असलेल्या भावाकडे गेलं. "आणि हेफिनची. त्याला न विचारता मी त्याचं नाव छापलं. तो बोलणार नाहीये, आणि त्याने बोलूही नये."

"बोलणार आहे," मागून आवाज आला.

गर्दी दुभंगली. हेफिन पुढे यायला लागला. पाय ओढत, काठी टेकत. व्यासपीठापर्यंत पंधरा पावलं होती. त्याला इतका वेळ लागला की लोकांनी श्वास रोखून धरले. कोणी मदतीला पुढे झालं नाही. गावाला तेवढं कळत होतं.

"एम्रिस," तो म्हणाला, "तू मला कामावर परत आणणार म्हणालास."

"मामा, मी सर्वसाधारणपणे..."

"मी कामावर आहे. आठवड्यातले तीन दिवस. बारा मैलांवरच्या कॉलेजात पोरांना छप्पर घालायला शिकवतो. जातो कसा? ही बाहेर उभीय त्या गाडीने. गाडी कशावर मिळाली? भत्त्यावर. नव्या नियमात मी बसत नाही. मोजे मी घालतो, वीस मिनिटं लागतात, पण घालतो. अंघोळ करतो, कधी पडतो, पण करतो. म्हणजे भत्ता बंद. म्हणजे गाडी गेली. म्हणजे काम गेलं." त्याने दम घेतला. "तू मला कामावर आणत नाहीयेस, बाळा. कामावरून काढतोयस."

सभागृहात असा गलका उठला की मेनाला टेबलावर मूठ आपटावी लागली. टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर थापा. एम्रिस पांढरा पडला होता. तो व्यासपीठावरून उतरून मामाजवळ आला आणि खालच्या आवाजात बोलला. पण इन्स्टिट्यूट बांधणाऱ्यांनी ते असं बांधलं होतं की व्यासपीठाजवळची कुजबुज शेवटच्या रांगेला ऐकू जावी.

"मामा, तुझं मी बघतो. खात्यात माझी ओळख आहे. तुझ्या प्रकरणासाठी मी वेगळं पत्र लिहीन. तुझी गाडी कुठेही जाणार नाही, शब्द देतो."

गलका विझला. हेफिनने मानेने पहिल्या रांगेकडे खूण केली.

"आणि टिडफिलच्या पोरीची खुर्ची?" त्याने विचारलं. "तिचा कोणी भाचा खासदार नाही. तिने कोणाच्या ओळखीने जगायचं?"

एम्रिसचा हात कानाच्या पाळीकडे गेला. तेवढ्यात दुसऱ्या रांगेत कोणीतरी सँडविचचं ताट दणकन खाली ठेवलं. डेलिथ उभी राहिली होती.

"मॅम, प्लीज," एम्रिस आईला म्हणाला.

"गप्प बस." डेलिथ दोन पावलं पुढे आली. "तीन आठवडे मी तुझ्यासाठी लोकांशी भांडतेय. माझ्या सख्ख्या बहिणीशीही भांडले. मी सगळ्यांना सांगत होते, त्याला विधेयक पटलंय, त्याने विचार केलाय. आणि तू आपल्या माणसाला मागच्या दाराने आत घेतोस? म्हणजे तुलाही ठाऊक आहे की हे वाईट आहे! मग मत कशाला देतोयस त्याला?"

"मॅम, पक्षाचा व्हिप निघालाय. विरोधात गेलो तर सगळं जाईल. तुला माहितेय काय जाईल ते."

"माहितेय. मीच नाचत होते त्यावर." ती मेनाकडे वळली. "ठराव काय आहे तुझा? वाच."

मेनाने वाचला. आमच्या खासदाराने मंगळवारी विधेयकाच्या विरोधात मत द्यावं, अशी या सभेची सूचना आहे. न दिल्यास पुढच्या निवडणुकीत क्वमहेलिगमध्ये त्यांच्यासाठी कोणी एकही पत्रक वाटणार नाही.

"हात वर करा," ती म्हणाली, आणि पहिला हात तिने स्वतःचाच वर केला. भाच्याकडे बघत. त्याने नजर चुकवली नाही.

हात वर झाले. टिडफिलचा, तिच्या मुलीचा, तो टिडफिलने आपल्या हातात धरून उचलला. काठीला धरून तोल सावरत हेफिनचा. मागून पुढून शेकडो. इड्वल प्रॉसर खुर्चीतून उठून उभे राहिले आणि मग त्यांनी हात उचलला, जुन्या पद्धतीने, मूठ वळून. शेवटी सगळे डेलिथकडे बघत होते. तिने कोटाची बाही नीट केली, जणू कुठे पाहुणी म्हणून निघाली होती, आणि हात वर नेला. सरळ, ताठ. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हात खाली आला नाही.

एम्रिसने आईकडे पाहिलं. "ऐकलं मी," एवढंच तो म्हणाला आणि दाराकडे निघाला.

"कुठे चाललास?" इड्वलनी हाक मारली. "केक कापायचा राहिलाय. रिकाम्या पोटी नाही जायचं इथून."

तो परत आला. आजोबांनी कापलेला तुकडा त्याने उभ्या उभ्या खाल्ला, टिडफिलच्या मुलीच्या खुर्चीशेजारी. दोघं काय बोलली ते कोणी ऐकलं नाही.

---

मंगळवारी संध्याकाळी सातला मेनाच्या स्वयंपाकघरात सगळे टीव्हीसमोर होते. डेलिथने आज कोट काढून खुंटीला लावला होता. तीन दिवस एम्रिसचा ना फोन, ना निरोप. पडद्यावर हिरव्या बाकांवरून उठून खासदार होकाराच्या आणि नकाराच्या दोन दारांकडे चालले होते, आणि त्या गर्दीत एकच डोकं शोधायला चौघं जण पुढे सरकून बसले होते.

"तो बघ!"

"तो नव्हे. तो टकल्या आहे."

"एम्रिसही होतोय आता."

"हेफिन!"

मग आकडे आले. विधेयक एकोणीस मतांनी मंजूर झालं होतं. हेफिनने काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. मेनाला वाटलं, सभागृहातले ते सगळे हात हळूहळू खाली येतायत.

फोन वाजला. तिने झडप घातली.

"मावशी." मागे गर्दीचा कोलाहल होता. "मी नाही म्हणालो. विरोधात दिलं."

मेनाला हुंदका आवरेना. तिने नुसती मान हलवली आणि मग त्याला ती दिसत नाही हे लक्षात येऊन ओरडली, "त्याने विरोधात दिलं!" डेलिथने किंकाळी फोडली. हेफिनने काठी जमिनीवर आपटली, एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना.

"आणि मंत्रिपद?" मेनाने विचारलं.

"गेलं. दहा मिनिटांपूर्वी सांगितलं मला, जिन्यात उभं करून." तो हसला, जरा विचित्र, हलकं. "तुझ्या हाताची मला खात्रीच होती, मावशी. मॅमचा वर जाईल असं वाटलं नव्हतं. तीन दिवस तोच हात दिसतोय मला. पण काय उपयोग? मंजूर झालं."

"किती म्हणाला?" खुर्चीतून इड्वलनी विचारलं. "फरक किती?"

"एकोणीस, डॅड."

"आणि पक्कं झालं? संपलं?"

मेनाने फोनमध्ये विचारलं आणि ऐकलं. "अजून एक मतदान आहे. शेवटचं. तीन आठवड्यांनी."

म्हातारा ताडकन उठला. गुडघे कटकन वाजले, पण त्यांनी लक्ष दिलं नाही. "एकोणीस म्हणजे दहा माणसं! दहा जणांनी इकडचं तिकडे केलं की पडलं विधेयक. दहा! संपाच्या वेळी आम्ही एका पाळीत त्याहून जास्त माणसं समजावून खाणीबाहेर काढलीयत. विचार त्याला, डळमळणारे कोण कोण आहेत? नावं सांग म्हणावं. कागद आण, हेफिन!"

हेफिनने शब्दकोड्याची वही उलटी केली. मेना फोन कानाला लावून एकेक नाव मोठ्याने सांगू लागली, आणि तो कापऱ्या अक्षरात लिहू लागला. उत्तरेतले दोन. किनाऱ्यावरच्या गावातला एक. मग, "ग्लेनिस वॉटकिन. पलीकडच्या खोऱ्यातली."

"कोण?" डेलिथ एकदम म्हणाली. "वॉटकिन? मार्गेडची ग्लेनिस?"

"तू ओळखतेस तिला?"

"तिच्या आईला ओळखते. आमच्या क्वायरमध्ये माझ्या शेजारी गायला उभी असते, दर गुरुवारी. लेकीचं कौतुक सांगून कान किटवलेत माझे." डेलिथने पर्समधून स्वतःचा फोन काढला, चष्मा लावला, नाव शोधलं. चेहऱ्यावर लाली चढली होती. तरुणपणी मैदानात खेळायला उतरताना चढायची तशी. तिने सगळ्यांना हाताने गप्प केलं.

"मार्गेड? मी डेलिथ. हो, पाहिलं टीव्हीवर. हो, माझ्याच एम्रिसने. ऐक ना, बसलीयस का नीट? तुझ्या ग्लेनिसबद्दल जरा बोलायचं होतं."